नवं घर, आईची पेटी आणि फाटकापाशी पडलेला लाजर

बावखल (धागाकर्ता)

जय येशू मंडळी.

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आई जाऊन आज एक महिना चार दिवस झाले. महिन्याची मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली, पाहुणे गेले. आता रात्रीचे दोन वाजलेत आणि मला झोप नाही.

आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, वाडीवाले. जुनं घर कौलारू होतं. पुढे पडवी आणि पडवीत लाकडी बाक. वाडीत कामाला येणारी माणसं, डोक्यावर पाटी घेऊन येणारी कोळीण, पोस्टमन, कोणीही यायचं, बसायचं, पाणी प्यायचं. आई त्यांच्याशी बोलत बोलत तांदूळ निवडायची. ते घर पाडून मागच्या वर्षी मी नवं बांधलं. तीन मजले. आईचे गुडघे गेले होते म्हणून लिफ्ट घातली. तिच्या खोलीत एसी, बाथरूममध्ये धरायला दांडे. हे सगळं तिच्यावरच्या मायेनं केलं, हे मी देवासमोर सांगू शकतो.

नव्या घराला पडवी नाही. पुढे दोन गाड्यांची जागा, मग सरकतं फाटक, फाटकावर कॅमेरा. फादरांनी घराला आशीर्वाद दिला, आलेल्या सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "कोळीण आता कुठे बसेल रे?" मी म्हटलं, "बेल वाजवेल." आई पुढे काही बोलली नाही. कोळणीनं एकदाही बेल वाजवली नाही. ती रस्त्यानं सरळ पुढे जायला लागली.

आई गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली. सगळ्यात वर मरणाचं लुगडं. लाल, घडी न मोडलेलं, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं. आमच्याकडच्या जुन्या बायका असं ठेवतात हे माहीत होतं, पण तिनं ते कधी घेतलं ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्याखाली रोझरीची माळ, एका पाकिटात मिस्सांसाठी पैसे, आणि वहीचा एक कागद. कुणाचं किती देणं आहे त्याची यादी. वाण्याचे २४०, शेजारच्या बायकडून आणलेल्या नारळांचे, सुईणीच्या नातीला कबूल केलेले. सगळं मिळून बाराशेच्या आत.

माझ्याकडे विमा आहे, नॉमिनी आहे, वकिलानं करून दिलेला मृत्युपत्राचा मसुदा आहे. पण ती तयार होती तसा मी तयार नाही, हे त्या पेटीपुढे बसल्यावर कळलं.

बायबलात लूकच्या सोळाव्या अध्यायातली श्रीमंत माणूस आणि भिकारी लाजर यांची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. परवा पुन्हा वाचली. त्या श्रीमंतानं लाजराला मारलं, हाकललं, त्याचं काही लुबाडलं असं कुठेही लिहिलेलं नाही. तो चांगले कपडे घालायचा, रोज चांगलं जेवायचा, आणि लाजर त्याच्या फाटकापाशी पडलेला असायचा. एवढंच. मेल्यावर दोघांच्या मध्ये मोठी दरी. ती दरी बहुतेक आधीपासूनच होती, फक्त तेव्हा तिला फाटक म्हणत होते.

म्हणून विचारतो. सुखसोयी असणं हेच चूक आहे का? आणि सार्वकालिक जीवनाची तयारी माझ्यासारख्या संसारी माणसानं नेमकी कशी करायची?

---

नेवासेफाटा

दादा, सलाम. आईंबद्दल वाईट वाटलं. प्रभू तुमचं सांत्वन करो.

मी प्रॉटेस्टंट, नगर जिल्ह्यातला. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना नाही, त्यामुळे मिस्सांच्या पैशांबद्दल मी बोलत नाही. पण वाण्याचे २४० रुपये लिहून ठेवणारी बाई मला माझ्या आजीसारखीच वाटली.

आता जरा वेगळं बोलतो, मनावर घेऊ नका. सुख सोडा, साधे राहा, हे प्रवचन आमच्या मंडळीत कोणी केलं की माझ्या पोटात दुखतं. माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांच्या झोपडीला दार नव्हतं, विहिरीवर जायची मुभा नव्हती. मिशनच्या शाळेमुळे आजोबा चौथी शिकले, वडील मास्तर झाले, तेव्हा कुठे घराला फरशी लागली. आमच्या घरात पहिला फ्रीज आला त्या दिवशी वडिलांनी पाळकसाहेबांना बोलावून प्रार्थना केली होती. ते काही धनाचं वेड नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा थंड पाणी स्वतःच्या घरात, कोणाकडून ओंजळीत वरून ओतून न घेता प्यायलो, त्याची ती उपकारस्तुती होती.

तेव्हा आईच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट लावली याचं ओझं घेऊ नका. पौल तीमथ्याला लिहितो त्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय पूर्ण वाचा. पैशाचा लोभ हे मूळ म्हटलंय, पैसा नव्हे. आणि पुढे सतराव्या वचनात म्हटलंय की देव आपल्याला उपभोगासाठी सगळं विपुल देतो. लगेच पुढच्या वचनात परोपकार करा, वाटून घ्या, हेही आहे. दोन्ही एकाच श्वासात.

मला स्वतःला नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातली आगूरची प्रार्थना जवळची वाटते. गरिबीही नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याची भाकर दे. पोट भरलं तर तुला विसरेन, रिकामं राहिलं तर चोरी करेन, अशी भीती तो उघड बोलून दाखवतो. माणूस स्वतःला ओळखून होता.

---

केडगाव_स्टेशन

नेवासेफाटा यांच्याशी सहमत, थोडी भर घालते.

आमच्या गावात मोठं झालेल्या कोणालाही पंडिता रमाबाई वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. दुष्काळाच्या फेऱ्यात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीनं गेली. भूक काय असते ते त्यांनी अंगावर सोसलं होतं. म्हणूनच भुकेत काही पुण्य आहे असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, छापखाना सुरू केला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं, आणि ते तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

मला यात एक दिसतं. विहीर ही सुखसोयच आहे. फक्त ती कोणासाठी खणली, आणि तिथे पाणी भरायला कोणाला येऊ दिलं, यावर सगळं आहे. तुमच्या आईनंही एसीबद्दल तक्रार केली नाही. तिनं बाकाबद्दल विचारलं.

---

सुकेळी

मी आगाशीकडची. वरच्या दोन्ही प्रतिसादांना मनापासून मान आहे, तरी त्यागाचीही बाजू कोणीतरी मांडायला हवी असं वाटतं. आपल्या मातीतला माणूस आहे म्हणून.

संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला. लहानपणी जेज्वीट फादरांच्या हाताखाली वाढला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, अनेक वर्षं तिथे सेवा केली. पण त्यांच्या संघात प्रवेश मिळाला नाही. मग व्यापारात पडला आणि चांगला जम बसवला. आपण म्हणू, देवानं एक दार बंद केलं आणि धंद्याचं उघडलं, आता संसार मांडावा. त्यानं ते सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला. फादर म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. जपानी येत होती म्हणून दुभाषा होऊन पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये चर्चनं त्याला संत घोषित केलं. आपल्या वसईतल्या गासच्या चर्चला त्याचंच नाव आहे.

शाळेत असताना आम्हाला फक्त शेवटचा प्रसंग सांगायचे, क्रूस आणि भाले. मला मात्र मधला तो दिवस दिसतो ज्या दिवशी त्यानं दुकानाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात दिल्या. त्या दिवशी त्याला कोणी धरून नेलं नव्हतं, कोणी मागे लागलं नव्हतं. हातातलं सोडायची सवय त्यानं जिवंतपणी, धडधाकट असताना करून घेतली. शेवटी जीव द्यायची वेळ आली तेव्हा ती सवय कामी आली असणार.

सगळ्यांनी सगळं सोडावं असं नाही. पण काहीच सोडायचं नाही आणि तयारीही करायची, हे कसं जमावं?

---

लुगड्याची_गाठ

सुकेळीताई, गोन्सालो एकटा जीव होता. त्याच्या किल्ल्या त्यानं दिल्या. संसारी माणूस त्याग करतो तेव्हा चूल कोण पेटवतं, हेही लिहा कोणीतरी.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. थोर गोष्ट, मी त्यांची भजनं म्हणतच वाढले. पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि दारात येणाऱ्याला ते घरातलं उचलून देत, तेव्हा पुढचा महिना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ढकलला. त्यांनी ते आठवणींत लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. किती घरांतल्या बायकांनी लिहिलंच नाही.

माझ्या वडिलांनी भावनेच्या भरात प्रार्थनासभेत मोठी रक्कम बोलून दाखवली होती. ती आईच्या पाटल्या मोडून दिली. तिला विचारलं नव्हतं. आई कधी बोलली नाही, पण पुढे कित्येक वर्षं ती अर्पणाच्या गीताला उभी राहिली की हात पदरात गुंडाळून घ्यायची.

दुसऱ्याचं उचलून देवाला देता येत नाही. तयारी करायचीच तर स्वतःच्या हिश्श्यातून करा, आणि घरात विचारून करा.

---

सुकेळी

ताई, हे वाचून गप्प झाले. तुमचं बरोबर आहे. जमीन विकून थोडे पैसे लपवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा यांच्या गोष्टीत पेत्रही म्हणतो ना, जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे द्यायची सक्ती नव्हतीच. माझ्या लिहिण्यात घाई झाली.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे. मुंबईत अकरा वर्षं, आता सहा वर्षं परदेशात. रात्रीची ड्युटी जास्त केली, त्यामुळे माणसं जाताना पाहिली.

मृत्यूच्या वेळी पैसा आठवत नाही वगैरे लोक म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. पैसा आठवतो, आणि फार आठवतो. पण किती साठवला ते नाही, कोणाचा राहिला ते. आपल्याच भागातले एक काका वॉर्डात होते. ऑक्सिजन लावलेला, बोलता येत नव्हतं. पाटी मागून घेतली आणि तीन दिवस एकच शब्द लिहीत होते: बांध. घरचे म्हणायचे भ्रम झालाय. चौथ्या दिवशी त्यांचा चुलत भाऊ आला तेव्हा उलगडलं. वीस वर्षांपूर्वी शेताचा बांध हातभर सरकवला होता. भाऊ म्हणाला, "सोड रे आता." काकांनी मान हलवली, नाही म्हणून. मुलाला बोलावून त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं, अंगठा दिला, मग झोपले.

आम्ही चर्चमध्ये अर्पण नेतो तेव्हा मला मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं ते वाक्य आठवतं, वेदीपाशी आल्यावर भावाचं काही आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. धागाकर्ते दादा, तुमच्या आईची यादी मला याच जातीची वाटते. तिनं वेदीपाशी जायच्या आधीचं काम उरकून ठेवलं होतं.

---

नेवासेफाटा

रात्रपाळीताई, तुमच्या लिहिण्यावरून एक गोष्ट लक्षात आली म्हणून परत आलो.

कोठारं पाडून मोठी बांधू म्हणणाऱ्या, आणि त्याच रात्री ज्याचा जीव मागितला जातो त्या श्रीमंताचा दाखला आपण सगळे सांगतो. लूक बारा. पण प्रभूनं तो दाखला सांगितला कशावरून? त्याच्या आधीची दोन-तीन वचनं बघा. गर्दीतून एक माणूस ओरडतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी करून दे. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं? आणि मग कोठारांची गोष्ट सुरू होते.

म्हणजे ती गोष्ट मुळात सातबाऱ्यावरून निघालेली आहे. भावाभावांच्या वाटणीवरून. इतकी वर्षं वाचतोय, पण हे असं कधी दिसलं नव्हतं.

आणखी एक. त्या श्रीमंताचं सगळं बोलणं स्वतःशीच आहे. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, हे माझ्या जिवा. अख्ख्या गोष्टीत त्याच्याशी बोलायला दुसरं माणूस नाही. पहिल्यांदा दुसरं कोणी बोलतं तो देव, आणि तोही त्याच रात्री. मग देव विचारतो, हे आता कोणाचं होईल? त्याच्याजवळ कोणी असतं तर या प्रश्नाला उत्तर असतं.

---

बावखल (धागाकर्ता)

चार दिवस इथे आलो नाही. वाचत होतो, पण लिहिता येत नव्हतं. नेवासेफाटा यांचा शेवटचा प्रतिसाद वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी सुरुवातीला अर्धंच सांगितलं. फाटकाचं सांगितलं, त्याच्या आतलं नाही.

माझं इथलं टोपणनाव बावखल आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे आमच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. जुन्या लोकांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरी गोड राहिल्या. पूर्वी त्यावर रहाट चालायचे. आमचं बावखल आजोबांच्या वेळचं. वाटणीत मधोमध रेघ आली, अर्धं माझं, अर्धं धाकट्या भावाचं. तो अजून केळी आणि पानवेल करतो. मी नोकरीतला.

दोन गाड्यांची जागा लिहिली ना वर, ती माझ्या अर्ध्या बावखलात भराव टाकून केली आहे. कागदोपत्री ते माझंच होतं. भाऊ आला होता सांगायला की माझी विहीर खारी होईल. मी त्याला वकिलाचं पत्र दाखवलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. आईच्या दफनविधीला तो शवपेटीच्या त्या बाजूला होता, मी या बाजूला. माती टाकताना हात जवळ आले होते. दोघांनीही मागे घेतले.

आईच्या यादीत सगळ्यात खाली एक ओळ होती, ती मी पहिल्यांदा मुद्दाम लिहिली नाही. त्या ओळीपुढे रुपये नाहीत. नुसतं लिहिलंय: "बावखलाचं पाणी. दोघांचं."

ते देणं तिनं स्वतःच्या नावावर लिहून ठेवलं होतं. आपल्या मुलानं अडवलेलं पाणी तिनं स्वतःचं कर्ज म्हणून धरलं. याच्यावर मला काही सुचत नाही. सुखसोयी पाप आहेत का असं मी विचारत होतो. लिफ्टनं कोणाचं काही गेलं नाही. गेलं ते पार्किंगनं.

---

लुगड्याची_गाठ

दादा, हे लिहायला किती जड गेलं असेल. तुमच्यासाठी आज रात्री प्रार्थना करते.

---

केडगाव_स्टेशन

जक्कयाची गोष्ट आठवली. श्रीमंत जकातदार, प्रभूला बघायला झाडावर चढलेला. प्रभू त्याच्या घरी जेवायला गेला तेव्हा घर सोड, झाडावरच राहा असं काही म्हणाला नाही. जक्कय स्वतः उभा राहून म्हणाला, अर्धं गरिबांना देतो, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. तेव्हा प्रभू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. आज. मेल्यावर असं नाही म्हणाला.

भराव काढता येतो का, चौकशी करा.

---

सुकेळी

येतो. आमच्या शेजारी एकांनी काढला होता. पावसाळ्याच्या आधी काढावा लागतो, आणि तळाशी गेलेला दगड-विटांचा चुरा पूर्ण वेचावा लागतो, नाहीतर पाणी धरत नाही. पहिलं वर्ष पाणी गढूळ राहतं. घाबरू नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई या पर्यावरण चळवळीच्या लोकांनी कितीतरी वर्षं हेच घसा कोरडा करून सांगितलं, बावखलं बुजवू नका. आपण त्यांच्या सभांना टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन डंपर बोलावले. मीही त्यात आहे, आमचंही एक गेलं.

---

रात्रपाळी

दादा, भावाला कोणाच्या हातून निरोप पाठवू नका. स्वतः जा. मी वॉर्डात निरोप पोचवले आहेत, म्हणून सांगते.

---

बावखल (धागाकर्ता)

रविवारी सकाळी मिस्सा झाल्यावर गेलो. तो वाडीत होता, केळीची पिलं काढत होता. मी आईचा कागद दिला. त्यानं वाचला, घडी केली, स्वतःच्या खिशात ठेवला. परत मागायचा मला धीर झाला नाही. मी म्हटलं, भराव काढतोय. तो म्हणाला, बरं. मी आणखी बराच वेळ उभा होतो. त्यानं काम थांबवलं नाही. भावजयीनं पाणी आणून दिलं. मी प्यायलो. खारं लागलं.

बायकोशी बोललो आहे. एक गाडी विकायची, दुसरी रस्त्याच्या कडेला उभी राहील. फाटक दहा फूट आत घ्यायचं आणि त्याच्याबाहेर आईचा बाक ठेवायचा. तो माळ्यावर टाकून दिला होता, एक पाय मोडलाय, सुताराला दिला आहे.

जेसीबीवाला मंगळवारी येतो म्हणालाय. काल संध्याकाळी पुतण्या फाटकाशी येऊन गेला. बेल वाजवली नाही, हाक मारली. त्याच्या बापानं विचारायला सांगितलं होतं की भरावात मुरूम आहे की नुसती डबर. मुरूम असेल तर त्याच्या वाटेवर टाका, पावसात चिखल होतो. डबर असेल तर त्याला नको.

मी खणून बघितलं. वरचा हातभर मुरूम आहे.